ह्यांचा चिंतामणी रंग

आमचे हे, म्हणजे उमाजी, बंगळूरला बसवनगुडीच्या एका गॅरेजात मोटारींचे ओरखडे बुजवायचे. अख्खी गाडी रंगवणारे दुसरे. दार फाटकाला घासलं, आयुधपूजेचा नारळ आपटताना बॉनेटचा टवका उडाला, की लोक ह्यांना शोधत यायचे. घासकागदाने जागा साफ करायची, खळग्यात लांबीची पुट्टी भरायची, ती वाळली की बारीक ब्रशाने रंग. ओला रंग फिका दिसतो, वाळला की गडद होतो, तो अंदाज ह्यांच्या हातातच होता. मालकाला मग स्वतःच्याच गाडीवर ओरखडा कुठे होता ते शोधावं लागे. बोलण्याच्या नावाने मात्र शंख. घरी मी बोलायची आणि हे कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणायचे. सगळा संसार असा "सरी"वर चालला.

बासष्ट-त्रेसष्ट साली ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. टवका बोटाला कळायचा, पण पांढरं पिवळट आणि निळं मातकट दिसायला लागलं. थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनात गेलेला, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढलं की हे भरल्या ताटावरून उठायचे. गॅरेजच्या मालकांना, आप्पाजींना, कळलं असतं तर काम गेलंच असतं. आणि काम गेल्यावर हा माणूस घरात नुसता बसून कसा जगणार, ह्याने माझी झोप उडाली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी दुपारचा डबा घेऊन गॅरेजात जायला लागले. जाता-येता गाडी बघायची आणि हळूच ह्यांना रंग सांगायचा. मला मेलीला कंपनीची नावं कुठली यायला? मी साड्यांचे रंग सांगायची. मोतिया, डाळिंबी, राघू. रंगाचे डबे ह्यांना जागेवरून ठाऊक होते. माझ्या शब्दावर थेंब-थेंब कालवायचे, आणि जमायचं हो!

एकदा रत्नाकर इंजिनीयरांची निळी फियाट आली. पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेले गृहस्थ. गाडी जुनी, उन्हाने रंग उतरलेला, दारावर लांब ओरखडा. मी ह्यांच्या कानात सांगितलं, माझ्या लग्नातल्या चिंतामणी साडीसारखा. ह्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर सगळे त्या दारापाशी उभे. उतरलेल्या निळ्यावर हातभर पट्टा, झगझगीत, नव्या रेशमासारखा. रत्नाकर विचारत होते, हे काय करून ठेवलंत? आप्पाजी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझं डोकंच फिरलं. चारचौघांची लाज सोडून मी ह्यांना म्हटलं, अहो, ती साडी आता कुठे तशी राहिलीय? नेसून, धुऊन पार विटलीय. मी आजचा रंग सांगितला होता.

"विटली?" हे म्हणाले. "मला मांडवातलाच ठाऊक."

जन्मभर "सरी" म्हणणारा माणूस! मला राग आला आणि रडूही फुटलं, दोन्ही एकदमच. मग हे स्वतःच आप्पाजींकडे वळले आणि सांगून टाकलं की डोळे अधू झालेत, रंग बायको सांगते. आप्पाजींनी दोघांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, अक्का, उद्यापासून सकाळीच येत जा. आधी हे दार नीट करा.

ह्यांनी तो पट्टा घासून काढला आणि वाटीत परत निळा घेतला. पांढऱ्याचा थेंब घातला, काळ्याचा टिपूस घातला, काडीने ढवळलं आणि मला विचारलं, एवढी विटली? मी दाराकडे बघून म्हटलं, आणखी स्वल्प. पुन्हा थेंब, पुन्हा तेच विचारणं. माझं उत्तरही तेच. चार-पाच वेळा असं झालं. मग ह्यांचा हात वाटीवर थांबला.

"पुढचे थेंब तू घाल," हे म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही."

मी काडी घेतली आणि घातले.