खुनाच्या आधीची वीस मिनिटं

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल वाकडं बोलले तर का बोलले ते विचारायला नको.

डिंडोलीला आम्ही एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो. माझा नवरा पलसाण्याला डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, दीर सचिन गावच्या मिलमध्ये. दुपारची जेवणं उरकली की मजल्यावरच्या आम्ही सात-आठ जणी गॅलरीत धागा कटिंगला बसतो. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरपोच येतात. साडीच्या उलट्या बाजूला भरतकामाचे सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कैचीने कापायचे. हात आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यांत सिनेमा भरायचं काम बारा वर्षं माझं होतं. जुने सिनेमे, त्यातही खुनाचे. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तरी बायका म्हणायच्या, तू थांब, तिला सांगू दे.

एक सिनेमा मी लग्नकार्यासाठी ठेवलेल्या साडीसारखा राखून ठेवला होता. गेल्या दिवाळीनंतर काम थंड पडलं, बायका कंटाळल्या, तेव्हा म्हटलं आता काढू. सुरुवात केली. मिलमालकाचा बंगला, सकाळी नोकर चहा घेऊन जातो, दार आतून बंद. दार तोडतात तर मालक खुर्चीत मरून पडलेला. बंगल्यात पाच माणसं आणि पाचही गोड बोलणारी. खुनी निघते ती स्वयंपाकीण, तेही अगदी शेवटी. म्हणजे हा सिनेमा चार दुपारी ताणता येतो. पहिल्या दिवशी मी दार तोडलं आणि उठले. उद्या या म्हटलं.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "ताई, पण त्याच्या आधीचं राहिलं ना."

"आधीचं कसलं?"

"सुरुवातीची वीस मिनिटं. लहान मुलगी असते ती, मिलच्या दाराशी. माझा हा सिनेमा पाठ आहे."

हा सिनेमा मी दोनदा पाहिला होता आणि त्यात कुठलीही लहान मुलगी नव्हती.

नसणारच. माझे वडील उधन्याला लूमवर रातपाळी करायचे. सकाळी यायचे, जेवायचे आणि पडायचे. खोली एक, माणसं सहा, आणि टीव्ही त्यांच्या डोक्यापाशी. रविवारी चारला सिनेमा लागायचा आणि वडील सव्वाचारला उठायचे. तोवर आई ओठांवर बोट ठेवून बसायची, आम्ही भावंडं बंद टीव्हीसमोर मुकाट. ते उठून मोरीत गेले की मी उडी मारून बटण दाबायचे. दोन्ही वेळा हा सिनेमा रविवारीच लागला होता. आमच्या घरात कुठल्याच सिनेमात कुणाचं बालपण नव्हतं, थेट खून.

जावेचे वडील अमळनेरला शाळेत मास्तर. रात्री झोपणारा माणूस. तिने सगळे सिनेमे नावांच्या पाटीपासून पाहिलेले. हे मला तिच्या लग्नापासून माहीत होतं, पण त्याचा राग त्या दुपारी पहिल्यांदा आला.

पण मी काय गप्प बसते होय. म्हटलं, "ते कापलेलंच बरं. अगं, खुनाच्या सिनेमात आधी लहान मुलगी दाखवली म्हणजे ती मोठी होऊन येणारच. मग शोधायचं काय उरलं? ताट वाढायच्या आधीच घास भरवल्यासारखं ते." बायकांनी माना डोलावल्या. जाऊ हसली आणि खाली बघून धागे कापू लागली. माझ्या मनात आलं, जिरली.

दुसऱ्या दिवशी पोराच्या शाळेत पालकांची मीटिंग निघाली. बायकांना म्हटलं, मी आले की पुढचं सांगते, तोवर गाणी ऐका. मीटिंग लांबली. चारला जिना चढले तर वर कैच्यांचा आवाजच नाही. वाटलं, आज बसल्याच नाहीत की काय. पाहते तर सगळ्या बसलेल्या, साड्या मांडीवर तशाच, आणि जाऊ सांगतेय.

सुरुवातीपासून सांगत होती, ते मला मागाहून कळलं. सात-आठ वर्षांची मुलगी बापाचा डबा घेऊन मिलच्या दाराशी उभी आहे. आत आग लागलीय. गोदामाला बाहेरून कुलूप आहे, बाप आत आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, मुलीला नाही. मालक गाडीतून उतरतो, तिच्या हातातला डबा घेतो, म्हणतो, जा बेटा, बापाला मी देतो. मुलगी खूश होऊन घरी जाते. आमच्या मजल्यावर एकही बाई अशी नाही जिचा माणूस मिलच्या गेटाच्या आत कामाला नाही.

मी पोहोचले तेव्हा ती बंगल्यापर्यंत आली होती. इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात शिरतोय, स्वयंपाकिणीकडे बघतोय. आणि आमच्यात बसणाऱ्या दोंडाईच्याच्या मावशींच्या हातातली कैची साडीत घुसली. चांगली चार बोटं फाटली साडी. मजल्यावरचा सगळ्यात सावध हात त्या मावशींचा. फाटलेली साडी आपल्याच गळ्यात पडते, तरी मावशींनी त्या साडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

बारा वर्षांत माझी गोष्ट ऐकताना कुणाच्या हातून साडीची साधी दशीसुद्धा निघाली नव्हती. उलट बायका म्हणायच्या, तू सांगतेस तेव्हा काम कसं झरझर उरकतं. मी ते कौतुक समजत होते. त्या दुपारी मला त्या चिरेचा हेवा वाटला. हसायचं तर हसा.

आणि मग मी जे करायला नको ते केलं. चपला न काढताच उभ्याउभ्या म्हणाले, "स्वयंपाकीणच खुनी आहे. तीच ती मुलगी. झालं, संपला सिनेमा. धागे कापा."

जावेचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "ते तं समजनंच व्हतं वं. पन ती आते पकडाई का, ते तं आयकू दे. बस तू खाले."

बसले. करते काय? माझ्या सांगण्यात बायकांना खुनी सापडायला हवी असायची. हिच्या सांगण्यात सगळ्यांना तीच बाई सुटायला हवी होती. इन्स्पेक्टर एकेक पाऊल पुढे टाकायचा आणि ह्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आधीची हकिकत दाखवली की खुनी कळते. फक्त ते कळलं म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. मीसुद्धा ऐकत राहिले. शेवट तोंडपाठ असून मीही मनात म्हणत होते, सुटू दे हिला, ह्याचा मला जास्त संताप आला.

त्यानंतर आठवडाभर मी डोकं दुखतंय, पाठ दुखतेय म्हणून खोलीतच गठ्ठा घेऊन बसले. सोमवारी मावशी स्वतः दाराशी येऊन म्हणाल्या, चल, तू पन सांग एखादा. मनाचा मोठेपणा त्यांचा. मी बाहेर आले, जरा ऐटीतच बसले आणि दुसरा सिनेमा काढला. स्टेशनावर गाडी थांबते, पहिल्या वर्गाच्या डब्यात एक बाई मेलेली. बायका सरसावून बसल्या.

मावशींनी त्याच्या आधीचं विचारलं, "पन त्याना पहिले काय व्हयनं व्हतं?"

मला माहीत नव्हतं. याआधी सांगितलेल्या सिनेमाचंही माहीत नव्हतं, त्याच्याही आधीच्याचं नाही. बारा वर्षं मी ह्या बायकांना अर्धवट सिनेमे सांगत आले होते.

मी जावेकडे पाहिलं. तिला माहीत होतं, तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण ती खाली मान घालून धागे कापत राहिली. माझी लाज राखली तिने. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.