पाठीच्या कण्यातली पंगत

दुपारच्या जेवणानंतर शाल्मली कुशीवर पडते, कारण पाठीवर पडवत नाही. स्कूटीवरून पडल्याला वर्ष होत आलं. मणका केव्हाच जुळला, एक्स-रे स्वच्छ. कंबर मात्र ऐकायला तयार नाही. सोमवारी प्रयोगशाळेत रुजू व्हायचं आणि तिथं दिवसभर उभं राहायचं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना तिनं हात लावलेला नाही. त्या उदासीवरच्या गोळ्या आहेत, हे तिनं वाचून काढलंय. "माझी कंबर दुखते, मन नाही," असं आईला ठणकावून झालंय.

पंखा घरघरतो, डोळे जडावतात, आणि त्या घरघरीतूनच कुणी म्हणतं, "पान सरळ कर."

मंगल कार्यालय आहे. पाटांची एकच लांब रांग, मणक्यांसारखी खाली उतरत गेलेली. शाल्मली कमरेपाशी बसलीय. समोर जिलब्यांची परात घेऊन दुर्गामावशी, गेल्या दिवाळीत वारली ती. अख्ख्या नात्याला तिच्या आग्रहाची धास्ती.

"एकच घे गं."

जिलबी पानात पडते आणि कमरेत कळ उठते.

"पुरे, मावशी." शाल्मली पानावर दोन्ही हात आडवे धरते. मावशी बोटांच्या फटीतून दुसरी सोडते. पुन्हा कळ.

शेजारी एक टकले व्याही बसलेत. वाढपी त्यांच्याकडे वळला की मावशी त्याला अडवते, "त्यांना नको रे, झालंय त्यांचं." व्याही सुखानं ढेकर देतात.

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. "मावशी, तू सेरोटोनिन आहेस, मेंदूतलं ते रसायन."

"असेन. लोक मला याहून वाईट म्हणालेत."

"मेंदूच्या बुडातून कण्यात उतरतेस. कुठं वेदना अडवतेस, कुठं वाढवतेस. मग माझ्याच पानात का?"

"हाड मोडलं तेव्हा वरून, मेंदूतून, 'वाढ' म्हणाले, तू हलू नयेस म्हणून. 'थांब' कुणी म्हणालंच नाही."

"मग आता थांबव की."

"त्याला वेळ लागतो. मला मेलीला पंगत रंगात आली की गाडीत घालून घरी पाठवतात."

कार्यालयाच्या जागी एसटी थांबा आहे. पाटांची बाकडी झालीत. गाडी लागलीय, कंडक्टर मावशीला चढायची घाई करतोय.

शाल्मलीला गोळीबद्दल वाचलेलं आठवतं. ती गोळी नेमकं हेच करते: सेरोटोनिनला लवकर घरी जाऊ देत नाही, कामावर थांबवून ठेवते. मग मन उदास असो वा नसो.

"तुला ठेवून घेतलं तर सोमवारपर्यंत होईल?"

"वाढप्यांना वळण लावायला दोन-तीन आठवडे जायचेच. तोवर स्टुलावर बस, त्यात लाज कसली." मावशी गाडीकडे पाठ फिरवते आणि शाल्मलीच्या पाठीवर सणसणीत थाप मारते. "ऊठ आता पानावरून."

आई चहा घेऊन उभी आहे.

"आई, ती गोळी दे."

"देते. आधी कुर्ता बदल."

"का?"

"पाठीवर हा पाकाचा हात कुणाचा? पाची बोटं उमटलीत, आणि मुंग्या लागल्यात."