पाचशेचा बैल

धनजचा जगदेव जन्मभर गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होता. खरे डॉक्टर आले तर यायचे, जगदेव मात्र रोज हजर. जखमा धुणं, मलम भरणं, अडलेल्या गाईच्या मालकाला धीर देणं, सगळं तोच करायचा. म्हणून गावाने कधीतरी त्यालाच डॉक्टर करून टाकलं. "डाक्टर, तुमी होते म्हनून जनावर वाचलं," असं कोणी म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जगदेवला तंबाखूचं व्यसन नव्हतं, दारूचं तर नावच नको. चांगलं म्हणवून घ्यायचं व्यसन मात्र पक्कं होतं. आणि या व्यसनाची गोम अशी की घरचे रागावत नाहीत, उलट चारचौघांत कौतुक होतं.

मग तो रिटायर झाला. पेन्शन वेळच्या वेळी येऊ लागली, पण दारात गुरं येईनात आणि कोणी आभारही मानेना. दिवस खायला उठायचा. बायको साधना म्हणायची, "घरात बसून मले काय तपासून राह्यले? बाहेर जा जरा." तो बाहेर पडायचा आणि ग्यानबा सुताराच्या छपरात जाऊन बसायचा.

ग्यानबा त्याच्याच वयाचा. पूर्वी गावभराचे नांगर-वखर, तिफणी त्याच्याकडे यायच्या. आता ट्रॅक्टर आले, दारं-खिडक्या तयार मिळायला लागल्या. ग्यानबाच्या हातात राहिलं ते एकच काम, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात, लोक ओवाळतात, हातावर बोजारा म्हणून खाऊला पैसे ठेवतात. त्यासाठी कारंज्याच्या बाजारात पोळ्याआधी बैलांची दुकानं लागतात. ग्यानबाचा बैल सागाचा असायचा. पाय खिळ्यांनी ठोकलेले नाहीत, खाचेत बसवलेले. किंमत पाचशे. कोणी घासाघीस केली तर तो बैलाच्या गळ्यात एक घुंगरू जास्तीचं बांधून द्यायचा, पण भाव सोडायचा नाही. त्या चार-पाच दिवसांच्या विक्रीवर त्याच्या घराचा निम्मा हिवाळा निघायचा. हे जगदेवला माहीत होतं. माहीत नव्हतं असं त्याला पुढे कधीच म्हणता आलं नाही.

बसून बसून जगदेवने हातात लाकूड कोरायची पटाशी घेतली. ग्यानबाने हौसेने शिकवलं. लाकडाची नस कशी ओळखायची, कुठे कापायचं, कुठे नुसतं खरवडायचं. "डाक्टर, तुमाले बैल ठाव हाये, मले लाकूड ठाव हाये," असं म्हणून हसायचा. आणि खरंच, हजारो बैलांच्या पाठीवरून हात फिरवलेल्या माणसाच्या हाताला वशिंडाचा उतार आपोआप सापडला. पहिल्या वर्षी जगदेवने चार बैल केले आणि नातेवाइकांच्या पोरांना वाटून टाकले. कौतुकाचा पाऊस पडला. बंद पडलेलं व्यसन पुन्हा लागलं.

पुढच्या वर्षी त्याने कारंज्याला दुकान मांडलं, तेही ग्यानबाच्याच शेजारी. ग्यानबानेच जागा धरून ठेवली होती. मग पहिल्या गिऱ्हाइकाने भाव विचारला आणि जगदेव बोलून गेला, "दीडशे द्या."

दीडशे कुठून आले? त्याचा हिशोब सोपा होता. लाकूड घरच्या मोडलेल्या गोठ्याचं. रंग, चाकं, पॉलिश पेपर एवढाच खर्च. हात आपलेच, त्याचे काय पैसे घ्यायचे? पेन्शन आहे, पोट त्याच्यावर नाही. आपण काय धंदा करतो का, हौस आहे. हे सगळं त्याने गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगितलंही. गिऱ्हाईक म्हणालं, "देवमानूस हाये बाप्पा तुमी!" झालं. दुपारपर्यंत दुकानाभोवती ही झुंबड.

ग्यानबाच्या दुकानाशी एक बाप आपल्या पोराला घेऊन उभा होता. हातात घेतलेला बैल त्याने खाली ठेवला आणि म्हणाला, "पाचशे? काहून लुटून राह्यला गा लोकाईले? बाजूले पाह्य, डाक्टर दीडशेले देऊन राह्यले." ग्यानबाने बैल पुसला आणि परत जागेवर ठेवला.

जगदेवने ते ऐकलं होतं. ऐकून त्याला बरं वाटलं होतं. दीडशे सांगितले त्यापेक्षा खरा अपराध हा होता. शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या माणसाला भर बाजारात लुटारू म्हटलं गेलं आणि याच्या मनात गुदगुल्या झाल्या. संध्याकाळी ग्यानबा न विकलेले बैल पोत्यात भरत होता. जगदेवने त्याला मदत केली आणि वर शहाणपणही शिकवलं, "ग्यानबा, तूही कमी कर ना भाव. लोक घेतीन."

"पाहू," ग्यानबा म्हणाला. बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसून गावी आले. तिकीट जगदेवनेच काढलं, आणि त्याचंही त्याला समाधान वाटलं.

यंदा जगदेवने उन्हाळ्यापासूनच कामाला हात घातला. घरच्या पडवीत बैलांचा कळप उभा राहिला. कामात तो इतका बुडाला की ग्यानबाकडे जाणंही सुटलं. पोळा आठवड्यावर आला तेव्हा त्याला आठवण झाली, यंदा जागा कोणी धरली? विचारायला गेला तर छपराला ताटी लावलेली. ग्यानबाची बायको पंचफुला अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होती.

"ते कोठी भेटतेत आता?" ती म्हणाली. "कारंज्याले जातेत, प्लायवूडच्या दुकानात. लोकाईच्या घरी कपाटं बसवतेत. सकाळच्या गाडीनं गेले का अंधार पडल्यावर येतेत. बसा, च्या ठेवते."

"अन् बैल?"

"बैल नाई केले यंदा."

जगदेव बसला. बसल्यावर उगाच बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "मागच्या साली उरले होते नं पोतंभर? ते तरी इकाचे."

"अंगनवाडीतल्या पोट्ट्याईले देऊन टाकले." पंचफुलेच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती हकीकत होती. "मी मनलं, कमी भावात देऊन टाका, घरात पैसे तरी येतीन. तर मने, मी दोनशेले देल्ला तर ज्याईनं माह्याजवळून पाचशेले नेला त्याईले काय सांगू? तुमाले फसवलं मनू? मने, फुकट देईन, स्वस्त देनार नाई. असे हायेत ते. च्यात साखर चालते नं तुमाले?"

जगदेव चहा अर्धाच ठेवून उठला. ती एक शब्दही लावून बोलली नव्हती. लावून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. घरी येऊन तो पडवीत आपल्या कळपासमोर उभा राहिला. एकेका बैलामागे किती दिवस बसलो, मान किती दुखली, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या दिवसांची किंमत त्याने शून्य लावली होती. आणि ती फक्त आपल्याच दिवसांची लावली असं त्याला वाटत होतं. शेजारच्या माणसाचे दिवसही त्याने त्याच शून्यात घातले होते. वर त्यालाच भाव कमी करायला सांगितलं होतं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की साधनेने जेवायला बोलावलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भूक नाई."

साधनेने सगळं काढून घेतलं. ऐकून ती म्हणाली, "मंग यंदा पाचशे लावा. मागच्या साली देवमानूस झाले होते, यंदा मानूस व्हा."

त्याने तसंच ठरवलं. भाव एकदा जागेवर आला की ग्यानबाला म्हणता येईल, ये, बस शेजारी. चूक दुरुस्त करायचा दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता. पोळ्याच्या आधल्या संध्याकाळपर्यंत तो कारंज्याच्या बाजारात पाचशे सांगत बसला, आणि तोवर त्याचा एकही बैल गेला नव्हता.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. मागच्या वर्षीचं नाव ऐकून लांबून आली. मंजुषा नावाची एक बाई तर त्याच संध्याकाळी दोन जावांना घेऊन आली होती. "हेच ते डाक्टर," असं ती त्यांना लांबूनच दाखवत होती. भाव ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. "तुमी बी तसेच निंगाले का? मागच्या साली गोड बोलून गिऱ्हाईक बांधलं, अन् यंदा गळा कापाले बसले?" जगदेवने समजावायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? मागच्या वर्षी मी खोटा भाव सांगितला होता, हे कोणाला पटणार? दीडशे म्हणालं की ही सगळी पुन्हा हसतील, देवमाणूस म्हणतील, हे त्याला ठाऊक होतं. शब्द ओठांवर आला होता. त्याने तो गिळला. जन्मात पहिल्यांदा लोक त्याला लबाड म्हणत होते, आणि ग्यानबा मागच्या वर्षी दिवसभर हेच ऐकत बसला होता, हे त्याला तेव्हा नीट कळलं.

तेवढ्यात, दिवेलागणीच्या सुमाराला, ग्यानबा समोर येऊन उभा राहिला. अंगावर दुकानाचा शर्ट, बोटांना फेविकॉल वाळलेला.

"ये, ये ग्यानबा," जगदेव घाईघाईने उठला. "बस."

"बसत नाई डाक्टर, गाडी निंगून जाईन. नात आली हाये अनसिंगहून, रुचिका. सकाळपासून बैल-बैल करून राह्यली. मले यंदा फुरसत नाई भेटली." त्याने ओळीतला एक बैल उचलला. उलटा केला, पायाच्या खाचेवरून अंगठा फिरवला, वशिंडावर हात ठेवला. "चांगला केला. हात बसला तुमचा. काय भाव?"

"भाव काय विचारतं? घेऊन जा."

"पोळ्याचा बैल फुकट नेऊ का? सांगा."

मंजुषाबाई आणि आणखी दोघं-तिघं अजून रेंगाळत होती. आता हा ओळखीच्या माणसाला काय सांगतो, म्हणून सगळ्यांचे कान इकडे. दीडशे म्हणावं तर ज्याने शिकवलं त्याच्याच तोंडावर त्याच्या कामाची लायकी काढल्यासारखं. पाचशे म्हणावं तर कपाटं बसवून दिवसभरात मिळालेलं सगळं काढून घेतल्यासारखं. ज्या माणसाला बैल करणं याच्यामुळे सोडावं लागलं, त्यालाच हा बैल विकत होता. आणि ग्यानबा शांतपणे उत्तराची वाट बघत होता.

"पाचशे," जगदेव म्हणाला.

ग्यानबाने खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि पाचशे त्याच्या हातात ठेवले. घासाघीस केली नाही.

"अरे बाप्पा, मागच्या साली दीडशेले होता हा!" बाजूचा एकजण न राहवून बोलला.

"मागच्या साली त्याईनं हौस इकली," ग्यानबा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "बैलाचा भाव हाच हाये."

जगदेव त्याच्यामागे दोन पावलं गेला. "ग्यानबा, ऐक. पुढच्या साली माह्याजवळ बस. दोघंही पाचशेच सांगू. मी खाली येत नाई, शपथ."

"आता कायचं डाक्टर." ग्यानबा थांबला. "बारक्या पटाशा, वाकस, सगळं हत्यार देल्लं भंगारवाल्याले. किलोच्या भावानं घेतलं त्यानं." त्याने बैल काखेत नीट धरला. "तुमी करत राहा. पोट्ट्याईले बैल तर पाह्यजेच." एवढं बोलून तो एसटी स्टँडकडे वळला.

जगदेव परत जागेवर आला तेव्हा मंजुषाबाई एक बैल उलटा करून, ग्यानबाने बघितली तशीच पायाची खाच बघत होती. "तो मागच्या सालचा सुतार होता नं?" तिने विचारलं. "सुतार खुद पाचशे देऊन गेला, म्हंजे मालात दम असंन. द्या मंग मले एक." जावांनीही एकेक घेतला. ते बघून आणखी लोक आले. कोणी भाव केला नाही. नाही म्हणायलाही जगदेवकडे कारण नव्हतं. बाजार उठायच्या आत त्याचे सगळे बैल पाचशेच्या भावाने गेले.

तो घरी पोचला तेव्हा साधना दारातच उभी होती. रिकामी पोती बघून तिचा चेहरा खुलला. "झाला वाटते धंदा!"

"माहा तर झाला," जगदेव म्हणाला आणि पायऱ्यांवरच खाली बसला.