पैलवान सरांची अडकलेली फाइल

“दम खातोय तो. खाऊ दे.”

फाइल उघडताना पडदा पांढरा पडला आणि ते निळं कडं गरगर फिरायला लागलं की आमचे सर दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, छातीवर घडी घालायचे आणि हे वाक्य म्हणायचे. तुम्ही-आम्ही अशा वेळी काय करतो? पुन्हा क्लिक करतो. मग आणखी चारदा करतो. मग त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. “बेन, फाइल खुलती नथी,” म्हणत रोज कुणी ना कुणी दारात उभं असतं आणि मी खुर्ची ओढेपर्यंत माउस बडवून मोकळं होतं. अडकलेल्या फाइलसमोर हात बांधून स्वस्थ बसलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो पैलवान होता.

सर आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. त्याआधी, उमेदीत, कुस्त्या खेळायचे. कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला गप्पा मारणाऱ्या मुली या टोकाच्या हाकेने सरळ व्हायच्या. त्या मुलींत मी असायची, म्हणून खात्रीने सांगते. शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारायला लावायचे आणि चकरा संपल्या की स्वतःच्या पिशवीतून गूळ-शेंगदाणे द्यायचे. शिक्षेचा धाक त्यामुळे कुणालाच फारसा नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांनी बडोद्याच्या तालमींवर पुस्तक लिहायला घेतलं. लिहायला म्हणजे टायपायला. उजव्या हाताचं एक बोट, आणि तेही असं पडायचं की दोन कीबोर्ड त्यांनी कामातून घालवले. “हळू, सर,” मी म्हणायची. “हळूच मारतोय गं,” ते म्हणायचे, आणि त्यांच्या हिशेबाने ते खरंही असेल.

पुस्तकाची भाषा तपासायचं काम मास्तरांकडे होतं. मास्तर म्हणजे त्याच शाळेतले मराठीचे शिक्षक, सरांचे लहानपणापासूनचे मित्र. काडीसारखे बारीक, बोलणं कमी, पण जे बोलतील ते चिमटा काढूनच. मास्तर सरांना ‘पैलवान’ म्हणत आणि सर त्यांना ‘मास्तर’. एकमेकांची नावं त्यांनी कधी घेतलेली मी ऐकली नाहीत. सकाळी खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन परतताना सर माझ्याकडे पेनड्राइव्ह ठेवून जायचे. संध्याकाळी मास्तर तो उचलायचे. दोन-चार दिवसांनी उलटा प्रवास. मी त्या दोघांचं पोस्ट ऑफिस झाले होते.

मास्तरांना मीच दाखवलं होतं की मूळ मजकूर न पुसता दुरुस्ती कशी करायची. म्हणजे खोडलेलं तांबड्या रेघेसकट दिसत राहतं, नवं त्याच्या शेजारी येतं आणि समासात शेरा लिहिता येतो. आपली दुरुस्ती समोरच्याने वाचायची, ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ दाबायचं, की फाइल पुन्हा स्वच्छ. साधी सोय आहे. ह्या दोघांच्या हातात ती सोय देणं म्हणजे दोन गल्ल्यांच्या भांडणात दगडांची पाटी नेऊन ठेवणं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मास्तर समासात लिहायचे, “प्रत्येक पैलवान ‘महाकाय’ कसा? एखादा बेताचा असेल की नाही?” सर खाली उत्तर लिहायचे, “बेताचे लोक मराठी शिकवायला जातात.” मास्तर: “ह्या परिच्छेदात चार जण चीत झाले आणि क्रियापद एकच आहे.” सर: “एकाच डावात झाले.” मास्तर शब्द खोडायचे, सर तो परत घालायचे, मास्तर पुन्हा खोडायचे. सगळं तांबडं, निळं होऊन साचत राहिलं. गंमत पाहा, समोरासमोर भेटले की दोघं फक्त तब्येतीचं आणि क्रिकेटचं बोलत. भांडण सगळं फाइलमध्ये. आणि कित्येक वर्षांत दोघांपैकी एकानेही एकदासुद्धा ‘मान्य’ दाबलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता.

तेरावं झाल्यावर सर दुकानात आले. हातात तोच पेनड्राइव्ह. शेवटची फेरी मास्तरांकडून झाली होती, पेनड्राइव्ह त्यांच्या टेबलावर होता, तो मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सरांना दिला होता.

“घरी उघडत नाही गं. सकाळी लावून ठेवली. अंघोळ झाली, पूजा झाली, जेवलो. पांढरंच. शेवटी यंत्रच बंद पडलं.” मग खुर्चीत बसून म्हणाले, “त्यानं काय लिहिलंय शेवटचं, तेवढं बघायचंय. बाकी काही नको.”

मी नेहमीचे उपाय केले. बंद पडलेला प्रिंटर जोडलेला असला तरी फाइल उघडताना अडते, म्हणून तो आधी काढला. प्रोग्रॅम जादा काही न घेता साध्या अवस्थेत सुरू केला. पुन्हा पांढरं. सर हात बांधून बसले होते, पण दम खाण्याचं वाक्य काही बोलले नाहीत. शेवटी दुरुस्त्या आणि शेरे न दाखवता, नुसता मजकूर तेवढा उघड, असं सांगितलं आणि फाइल सरकन उघडली.

“उघडली, सर!” मी ओरडलेच.

सरांनी चष्मा लावला. पान खाली सरकवलं, आणखी सरकवलं. स्वच्छ, काळं, सरळ मराठी.

“आणि मास्तर कुठाय?”

तेव्हा मी त्यांना रोग काय तो सांगितला. फाइलचं ओझं मजकुराचं नव्हतंच. इतक्या वर्षांच्या खोडाखोडीचं आणि भांडणाचं होतं. फाइल उघडताना यंत्र ते सगळं एकदम मांडायला जायचं आणि गुदमरायचं. उपाय एका बटणाचा होता, ‘सगळे बदल मान्य’. मग शेरे पुसायचे. पुस्तक छापणाऱ्या लहरीपुऱ्यातल्या छापखान्यालाही अशीच मोकळी फाइल हवी होती. मी बाण त्या बटणावर नेलासुद्धा.

“थांब!” मैदानावरचा तोच आवाज. झेरॉक्सच्या रांगेतले दोघं सरळ उभे राहिले. “न वाचता मान्य? त्याचं मी जन्मात काही मान्य केलं नाही आणि आता तो नाहीये म्हणून घाऊक करू?”

मी म्हटलं, “जुनी फाइल तशीच ठेवते ना, सर. कॉपी राहील.”

“उघडत नाही ती ठेवून काय पूजा करू?”

मग मी फाइलचे तुकडे केले, एकेका प्रकरणाची वेगळी फाइल. तेवढं ओझं यंत्राला झेपत होतं. शेरे दिसू लागले आणि सर खुर्ची पुढे ओढून बसले. मास्तरांचं एकेक म्हणणं वाचून, पटलं तर मान्य, नाहीतर अमान्य, मगच पुढे जायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी बाजार पेंगतो तेव्हा ते यायचे. मी माझं काम करत असायची आणि शेजारी कुस्ती चालायची. “हे काय लिहिलंस रे? म्हणे लांबलचक! तुझी व्याख्यानं काय आखूड होती?” टक्, अमान्य. मग हळू आवाजात, “हे बरोबर आहे हां तुझं.” टक्. गिऱ्हाइकं विचारायची, “बेन, दादा कोनी साथे वात करे छे?” मी सांगायची, कुणाशी बोलत नाहीत, पुस्तकाचं काम चाललंय.

सुरुवातीला अमान्य जास्त व्हायचं. हळूहळू मान्य वाढलं. प्रकरण मोकळं झालं की फाइल चटकन उघडायची, आणि मी कौतुकाने दाखवायला गेले की सरांचा चेहरा उतरायचा. जितकी ती हलकी व्हायची तितके मास्तर त्यातून कमी व्हायचे. आमचा धंदा असा की फाइल सुरळीत उघडली की माणूस खूश होऊन जातो. हा एकच माणूस मी फाइल सुधारली म्हणून दुःखी होताना पाहिला, आणि मलाही त्या दिवसांत माझ्या कसबाचा राग आला.

शेवटच्या प्रकरणात सरांची स्वतःची कुस्ती होती. इंदूरच्या एका नावाजलेल्या पैलवानाला त्यांनी लोळवल्याची ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराने ऐकली आहे. आम्ही ती इतक्यांदा ऐकली की शेवटचा डाव सगळा वर्ग एकसुरात म्हणायचा. त्या वाक्याशेजारी मास्तरांचा शेरा होता, सगळ्यात शेवटी लिहिलेला. टक् ऐकू आलं नाही, म्हणून मी वाकून पाहिलं.

“खोटं. चीत तू झाला होतास. तुझा सदरा धरून मी कडेला उभा होतो, मला सगळं दिसत होतं. इतकी वर्षं बोललो नाही. पण छापतोयस म्हणून सांगतो.”

त्या दिवशी सर मान्यही न म्हणता आणि अमान्यही न म्हणता घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उभ्यानेच म्हणाले, “ते पुसू नको. तळटीप कर. मास्तरांच्या नावानं, जसं आहे तसं.”

“आणि वरचं वाक्य, सर?”

“ते माझं आहे. राहू दे.”

मी तळटीप घातली. सर म्हणाले, “खाली माझं उत्तर लिही.” मी बोटं तयार ठेवली. समासात त्यांनी मास्तरांना कधी शेवटचा शब्द मिळू दिला नव्हता. “लिही,” ते म्हणाले. मग पुन्हा, “लिही.” “जाऊ दे गं,” ते शेवटी म्हणाले, “काही नको लिहू.”

पुस्तक निघालं. छोट्या सभागृहात समारंभ झाला, जुने विद्यार्थी आले, काकू पहिल्या रांगेत होत्या. सरांनी वाचायला तीच कुस्ती घेतली. शेवटचा डाव सगळ्यांनी त्यांच्याबरोबर म्हटला, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी तळटीप वाचली, मास्तरांच्याच कोरड्या आवाजात. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला मागून दिसलं नाही.

मागून कुणीतरी विचारलं, “सर, पण साचुं शुं? खरं काय?”

सरांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढला.

“हरलो होतो,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

टाळ्या पुन्हा झाल्या, मघापेक्षा मोठ्या. सर मान खाली घालून बसले होते. ज्याने हे ऐकायला हवं होतं तो माणूस तेवढा सभागृहात नव्हता.