गालिचा धुणारं यंत्र

दादा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने गडद लाल रंगाचा गालिचा आणला. डोंबिवलीत आमच्या दोनच खोल्या. बाहेरची खोली त्या गालिच्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून गेली. आठ महिन्यांनी तिकडे एका बांधकामावर परांचीवरून पडून दादा गेला. त्याला इकडे आणायला तीन आठवडे लागले. पेटी उघडू नका, असं बरोबर आलेल्या माणसाने बजावलेलं. ती पेटी आम्ही त्याच गालिच्यावर ठेवली. आईने त्याचं तोंड पाहिलंच नाही.

त्या दिवसापासून आई गालिच्यावर झोपू लागली. चादरही घालायची नाही. वडील आधीच गेलेले, माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच. मी ठाण्याला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. सकाळी आठला निघायचे, परत यायला सात वाजायचे. दिवसभर आई त्या खोलीत एकटी.

तिला दमा तरुणपणापासून होता, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तो दर पंधरवड्याला उसळू लागला. डॉक्टरांनी घरी येऊन पाहिलं आणि गालिचा काढून टाका म्हणाले, इतक्या वर्षांची धूळ त्यात बसली आहे. मी आईला तसं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काढ. त्यातच मलाही गुंडाळ आणि दोघांना एकदमच ने."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हा घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर दाखवणारे विक्रेते फिरायचे. त्यातला एक रविवारी आमच्याकडे आला. गळ्यात टाय, हातात खोकं. त्याने नळीच्या तोंडावर पांढरा रुमाल लावून ती गालिच्यावरून फक्त दोनदा फिरवली आणि काळाठिक्कर झालेला रुमाल आईपुढे धरला. आईने तो हातात घेतला, निरखून पाहिला आणि त्याला विचारलं, "यात केस पण आहेत का?" तो म्हणाला, असतात, केस, कातडीचे कण, सगळं असतं. आईने रुमालाची घडी घातली. त्याला तो परत दिलाच नाही.

त्याचं यंत्र मात्र मागच्या बाजूने बारीक धूळ खोलीत फेकत होतं. तो जिना उतरला नसेल तोच आईला धाप लागली. हे यंत्र नको, एवढं त्या दिवशी ठरलं.

नंतर मला दुसरी गोष्ट कळली. खोकताना आईला लघवी आवरत नव्हती. ती ओल्या जागी टाल्कम पावडर चोळून ठेवायची आणि मी आल्यावर नेमकी तिथेच बसायची. मी एकदा तिला उठवायला गेले आणि हाताला ओल लागली.  आता नुसती धूळ काढून भागणार नव्हतं, गालिचा धुवायला हवा होता.

कचेरीजवळच एक मोठं दुकान होतं. सलग तीन संध्याकाळी मी तिथे गेले. तिथे तीन प्रकारची यंत्रं होती. एक फक्त सुकी धूळ ओढणारं. दुसरं सुकं-ओलं दोन्ही ओढणारं, म्हणजे पाणी सांडलं तर तेही टाकीत घेणारं, पण धुणारं नव्हे. तिसऱ्याला दोन टाक्या होत्या. एकीतलं साबणाचं पाणी दाबाने गालिच्यात सोडायचं आणि तेच पाणी मळासकट दुसरीत ओढून घ्यायचं. मी खूप प्रश्न विचारले. टाकी भरली की एकट्या बाईला उचलता येते का, मागून धूळ उडते का, आजारी माणसाला आवाज सोसेल का. दुकानातला म्हातारा विक्रेता न कंटाळता उत्तरं देत होता. शेवटी त्याने सतरंजीचा एक तुकडा धुऊन माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "ताई, हे धुतं. पण वाळवत नाही. पातळ सतरंजी असेल तर ठीक. जाड गालिचा असेल तर खालपर्यंत ओल राहते. ऊन असेल तेव्हाच धुवा."

तुकडा दमट लागत होता. मी तो परत दिला आणि तिसरं यंत्र घेतलं. आईला न दुखवता घर स्वच्छ होईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेव्हा श्रावण चालू होता. उन्हासाठी दिवाळीपर्यंत थांबावं लागलं असतं आणि खोलीतला वास मला सोसवत नव्हता.

मी रजा घेऊन गालिचा धुतला. आई दारात खुर्ची टाकून बघत होती. टाकीत आधी काळं पाणी आलं, मग तपकिरी, मग लाल. रंग जायला लागला तेव्हा आई म्हणाली, "पुरे कर गं आता." मी थांबले नाही. आणखी एक टाकी ओढली.

मग गालिचा वाळेना. शेजारच्या काकूंना मदतीला घेऊन मी तो चार स्टुलांवर पसरून ठेवला, वरून पंखा लावला. सकाळी वरची लोकर सुकी लागायची, खाली हात घातला की ओल. चौथ्या दिवशी कुबट वास सुटला. रजा संपली होती. आईला आतल्या खोलीत झोपवून मी सांगितलं, की गालिचा पुरता वाळेपर्यंत बाहेर यायचं नाही. तिने मान हलवली.

त्या संध्याकाळी मी आले तर स्टुलं भिंतीला लावलेली होती. गालिचा जमिनीवर पूर्वीसारखा पसरलेला होता आणि त्यावर आई कुशीवर झोपली होती. ओठ निळे पडले होते. रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे ती नऊ दिवस होती, बहुतेक वेळ नाकावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टरांनी घरात ओल, बुरशी आहे का विचारलं. मी हो म्हटलं. गालिचा मी धुतला, हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सहाव्या दिवशी आईने मास्क बाजूला करून विचारलं, रंग फार गेला का? मी म्हटलं, नाही. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली.

तेराव्यानंतर मी गालिचा गुंडाळला. खालच्या लाद्यांवर पांढरी बुरशी धरली होती. गालिचा हमालाकरवी खाली नेऊन टाकला.

एक गोष्ट मला कळत नव्हती. चार पावलं चालून दम लागणाऱ्या बाईने तो जड गालिचा स्टुलांवरून उतरवला कसा? वर्षभराने हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंकडे गेले होते. बाकीच्या बायका निघाल्या तरी काकूंनी मला थांबवून घेतलं.  म्हणाल्या, "गालिचा मीच पसरून दिला होता. तुझ्या आईने दुपारी दार वाजवून मला बोलावलंन. म्हणाली, चार रात्री मुलाला एकटं ठेवलंय मी. मला नाही म्हणवलं नाही गं."

मला राग येईल असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना म्हाताऱ्या विक्रेत्याने काय सांगितलं होतं ते सांगितलं. तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनी ऐकून घेतलं. त्यांनी तुझी चूक नाही असं म्हटलं नाही आणि मीही त्यांना तसं म्हटलं नाही. आम्ही दोघी वाटीतलं हळदीकुंकू मध्ये ठेवून, दिवे लागेपर्यंत तशाच बसून राहिलो.