सैल चाकू

खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यावा म्हणून परभणीच्या बाजारात एका फेरीवाल्याच्या फडक्यापुढे बसलो होतो. शेजारी एक म्हातारा चाकूच निवडत होता. तो चाकू छातीशी धरायचा आणि पात्याच्या खाचेत अंगठ्याचे नख घालायचा. हात थरथरायचा, नख निसटायचे. मग चाकू खाली ठेवून तो नुसताच बसून राहायचा.

"लय घट्ट हाय. सैल दाखव."

"काका, सैल घेतला तर बोट कापंल."

"कापू दे. बोट माझंच हाय. पेरू कापून दे म्हणून सुनेला हाका मारायचा कटाळा आलाय."

चाकू हातात दिला की भांडण होते अशी समजूत, म्हणून फेरीवाला प्रत्येक चाकू फडक्यावर ठेवत होता. पण सगळ्यात सैल चाकू नेमका लहान होता, म्हाताऱ्याला उचलताच येईना. फेरीवाल्याने तो सरळ त्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या काका. भांडू आपण."

पाते उघडले. म्हातारा हसला नाही. नुसता उघडत आणि मिटत राहिला.

मी काही न घेता उठलो. वडिलांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांचा चाकू मीच काळजीपोटी कपाटात कुलूपबंद केला होता. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. घरी येऊन तो काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हातात नको देऊ. भांडण होतंय," ते म्हणाले.

"होऊ द्या, अण्णा. तेवढंच बोलणं होईल."

त्यांनी हात पुढे केला.