नाव विचारण्याआधी पाणी

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर रिबेकाने विचारलं, "आजी, नैरोबीला असताना परत यावंसं वाटलं का गं कधी?" मी चटकन "नाही" म्हणाले. ते खरं नव्हतं. आता रिबेका शिकायला घर सोडून निघाली आहे. तिच्या हाती अर्धीच गोष्ट देऊन तिला पाठवणं बरं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवून आणि तुमचे आजोबा पोफळीच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा नैरोबीच्या एका मंडळीकडून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, बोलावणं आलं. तिथल्या वस्तीत आईबाप दिवसभर कामावर आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं शाळा सुटल्यावर रस्त्यावर. त्यांना बसायला, अभ्यासाला, प्रार्थनेला जागा हवी होती. आयुष्यभर रविवारी "प्रभू, मला पाठव" म्हणत आलो. त्याने खरंच पाठवलं तर मागे कसं सरायचं? आम्ही गेलो.

मंडळीने एक खोली दिली. पाळकांनी स्पष्ट सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत मुलं आली नाहीत तर खोली दुसऱ्या कामाला द्यावी लागेल. मी खुर्च्या रांगेत मांडल्या, भिंतीवर वेळापत्रक लावलं आणि दाराशी टेबल टाकून वही घेऊन बसले: नाव, वय, शाळा, पत्ता. मुलं लांबून बघायची आणि वळायची. पाच महिने खोली रिकामी. आजोबा म्हणायचे, "अगो, तुझी शाळा सुटली, पण तू काही सुटत नाहीस!" मला हसू येत नव्हतं. मी देवावर रागावले होते. एके दिवशी तर जाऊन परतीच्या तिकिटांची चौकशीही केली. आजोबांना न सांगता.

त्याच दिवशी घरी येताना रणरणत्या उन्हात मला घेरी आली. फुटपाथवर मक्याची कणसं भाजणाऱ्या एका म्हातारीने मला धरून तिच्या खोक्यावर बसवलं, हातात पाणी दिलं. एरवी ती पलीकडच्या चौकात बसायची. तो रस्ता खणला होता म्हणून त्या दिवशी इथे आली होती. मी तिला नाव विचारलं, तर ती हसली. "आधी पी गं बाई. नाव काय पळून जातंय?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू ती वहीवाली ना? पोरं म्हणतात, ही पोलिसांची बाई आहे."

मला माझी आई आठवली. उन्हातून कोणीही आलं, अगदी अनोळखी माणूस, तरी ती आधी ओटीवर गूळ-पाणी ठेवायची. तो पाणी पिऊन होईपर्यंत 'कुठले, कोणाचे' विचारायची नाही. आणि मी? प्रभूकडे मुलं मागत होते आणि दारात मीच वाट अडवून बसले होते. तिथेच, त्या खोक्यावर, मी मनात प्रभूला म्हटलं, "आता तुझ्या रीतीने होऊ दे."

शुक्रवारी वही कपाटात गेली. टेबलावर पाण्याचे पेले आणि बाजारातून आणलेला गूळ ठेवला. तीन मुली दाराशी घुटमळल्या. एकीने खडा उचलून विचारलं, "आजी, हा दगड चावायचा की चाटायचा?" दुसरी म्हणाली, "तू आधी खा, मेलीस तर आम्ही जातो!" तिघी खिदळत आत आल्या. मी काहीही विचारलं नाही. निघताना त्यांनीच नावं सांगितली. पुढच्या शुक्रवारी नऊ जण आले. ईस्टरच्या सकाळी मुलं दारापर्यंत दाटीवाटीने उभी राहून गात होती. आजोबा रडत होते आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते. पाळकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

ती म्हातारी त्या दिवशी तिथे योगायोगाने आली की प्रभूने आणली, यावर मी वाद घालत नाही. मी रोज प्रभूचे आभार मानते. रिबेका, तुलाही परत यावंसं वाटेल. वाटलं म्हणून लाजू नकोस. तसंच प्रभूला सांग.

आता ती खोली तेव्हाची मुलं चालवतात. दर शुक्रवारी ती भरते.